सायकलच्या जाम बीबीपासून देशातल्या कारखान्यापर्यंत: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

नाशिकमध्ये सायकलवेड्यांची कमी नाही. इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची शर्यत दोघांच्या टीमने पूर्ण केली. गंगापूर धरणाच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर रविवारी सकाळी गेलात तर सायकलींची रांगच दिसते. पण पावसाळा संपला की दुसरी एक रांगही दिसते, ती असते सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर. चार महिने जिन्याखाली भिजलेली सायकल बाहेर काढली, पायडल मारलं, तर खालून करकर आवाज. मिस्त्री क्रँक हलवून बघतो आणि सांगतो, बीबी गेलाय. मग तो काढायला जातो, तर बीबी जागचा हलत नाही. जाम!

हा जाम बीबी काढायचा कसा, ते आज बघूच. पण त्याआधी आणि त्यासोबत एका माणसाची ओळख करून घेऊ. सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावात त्याचं सायकल विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पुढे त्याने लोखंडी नांगर केले, पंप केले आणि माळरानावर अख्खं गाव उभं केलं. शेतातल्या विहिरीवरच्या पंपावर त्याचं आडनाव तुम्ही नक्की वाचलेलं असणार. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचं होतं

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. आज हा भाग कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होता. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकात नव्हतं. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या: चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं. त्या काळात या दोन्ही आवडी घरात काळजीचाच विषय होत्या.

थोरले भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षं चित्रकला शिकल्यावर कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. त्यांना अंशतः रंगांधत्व होतं.

आज तुमच्या फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये कलर करेक्शनचा पर्याय असतो. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांसाठी तो स्क्रीनवरचे रंग बदलून दाखवतो. १८८७ साली असलं काही नव्हतं. चित्रकाराला रंग दिसत नसतील तर वाट तिथेच संपायची. घर सोडून, वडिलांची नाराजी पत्करून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हे कळलं तेव्हा काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

पण त्यांनी बॅग भरली नाही. रंग बाजूला ठेवले आणि यांत्रिक आरेखन धरलं, म्हणजे यंत्रांच्या भागांची मापं घेऊन काढलेली रेषाचित्रं. त्यात रंग लागत नाही, लागतो तो अचूकपणा. त्याच सुमारास, १८८७ मध्ये, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं होतं. तेच आजचं व्हीजेटीआय. तिथे लक्ष्मणरावांना यांत्रिक आरेखन शिकवायची नोकरी मिळाली. शिकवता शिकवता ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये स्वतःही शिकत राहिले. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे आलं ते हाताने करून आलं.

सायकल नावाचं नवं गॅजेट

त्याच मुंबईत त्यांना सायकल भेटली. आज नवा फोन आला की जशी गर्दी होते, तसं तेव्हा सायकलचं होतं. ती नवीन होती, परदेशातून यायची आणि भयंकर महाग होती. एक सायकल ७०० ते १००० रुपयांना पडायची असं सांगितलं जातं. त्या काळचे रुपये आहेत हे लक्षात घ्या!

आपण आज जी सायकल चालवतो तिचा आकार नुकताच ठरला होता. त्याआधीच्या उंच सायकलीला पायडल थेट पुढच्या मोठ्या चाकाला असायचं. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी रोव्हर सायकल आणली. सारख्या उंचीची दोन चाकं, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला चेन. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि सायकल खऱ्या अर्थाने बसण्यालायक झाली.

पायडल चाकापासून वेगळं झालं, तेव्हा त्याला फ्रेममध्ये नवं घर लागलं. ते घर म्हणजेच बॉटम ब्रॅकेट. दुकानात सगळे त्याला बीबी म्हणतात.

लक्ष्मणराव स्वतः सायकल शिकले. मग मुंबईत सायकली घेऊन त्या बेळगावला पाठवू लागले. तिथे रामूअण्णा त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. शिकवणीचे १५ रुपये! किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ ची धरतो, ती याच सायकलींपासून.

बढती दुसऱ्याला, राजीनामा यांचा

मुंबईतली नोकरी बरी चालली होती. मग बढतीची वेळ आली. काम येत होतं, अनुभव होता, पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. त्या काळात सरकारी आणि निमसरकारी संस्थांत हे नेहमीचं होतं. बहुतेक लोक गप्प बसून नोकरी टिकवायचे. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

किर्लोस्कर ब्रदर्सचं सायकलचं दुकान ज्या रस्त्यावर होतं, तो आज बेळगावात किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. सायकल विकायची, शिकवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हा धंदा. सुटा भाग हवा असेल तर तो बोटीने विलायतेहून येणार. म्हणून जो भाग आहे तोच न मोडता काढायचा, साफ करायचा आणि परत बसवायचा, ही त्या काळच्या प्रत्येक सायकल मिस्त्रीची परीक्षा असायची.

ती परीक्षा आजही तशीच आहे. चला, बीबी उघडून बघू.

बीबीच्या आत काय असतं?

फ्रेमच्या तळाशी जिथे नळ्या एकत्र येतात तिथे एक आडवं नळकांडं असतं, त्याला शेल म्हणतात. शेलमधून एक्सल आरपार जातो आणि त्याच्या दोन टोकांना क्रँक बसतात. एक्सल गुळगुळीत फिरावा म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी छर्रे असतात. छर्रे ज्या वाटीत फिरतात ती वाटी, म्हणजे कप, शेलमध्ये आट्यांनी बसवलेला असतो. साध्या काळ्या रोडस्टर सायकलीत आजही हीच रचना आहे. नव्या गिअरच्या सायकलीत बहुधा कार्ट्रिज बीबी असतो. त्यात एक्सल आणि बेअरिंग एकाच बंद डब्यात असतात. बिघडला की सगळाच बदलायचा.

आता मेख कुठे आहे बघा. बहुतेक सायकलींत चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. डावीकडचा नेहमीसारखा डावीकडे फिरवून सुटतो. उजवीकडचा मात्र उजवीकडे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून काढायचा. असं का? एक्सल फिरतो तेव्हा मधले छर्रे गडगडतात आणि कपाला हळूहळू उलट्या दिशेला सरकवतात. उजव्या बाजूला सरळ आटे असते, तर चालवता चालवता कप आपोआप सैल झाला असता. उलट्या आट्यांमुळे तोच जोर त्याला घट्ट ठेवतो.

लक्षात ठेवायची सोपी युक्ती: पाना कपावर असा बसवा की मूठ वर येईल. मोकळं करताना दोन्ही बाजूंना ती मूठ पुढच्या चाकाकडे ढकलायची. (काही इटालियन मापाच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात आणि दाबून बसवलेल्या बीबीला आटेच नसतात. म्हणून आधी आपल्या सायकलीचा प्रकार बघा.)

जाम का होतो?

पावसाचं पाणी सीटच्या नळीतून खाली उतरतं आणि शेलमध्ये साचतं. पोलादी शेल आणि पोलादी कप असेल तर गंज दोघांना चिकटवतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे आट्यांमधली फट भरून जाते. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि कप पोलादी असेल तर ओलाव्यात दोन धातूंची रासायनिक क्रिया होते आणि अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड आट्यांत अडकते. बसवताना ग्रीस लावलं नसेल तर हे सगळं आणखी लवकर होतं.

काढायचा कसा? क्रमाने करा

१. क्रँक काढा. नव्या सायकलीत क्रँकचा बोल्ट आणि त्याखालचा वायसर काढून क्रँक पुलर लावा. पुलर क्रँकमध्ये पूर्ण आत जाईपर्यंत हाताने फिरवा. अर्धवट बसवून जोर लावला तर क्रँकचे आटे उपटून येतात. जुन्या सायकलीत कॉटर पिन असते. तिचं नट पिनच्या टोकापर्यंत सैल करून तिथेच ठेवा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. क्रँकखाली भक्कम आधार द्या आणि हातोडीचा एकच नेमका घाव घाला. दहा हलके ठोके पिन वाकवतात, एक चांगला घाव तिला सोडवतो.

२. तेल घाला आणि थांबा. गंज सोडवणारं पातळ तेल दोन्ही कपांच्या कडेला मारा. सीटपोस्ट काढून सीटच्या नळीतूनही थोडं आत सोडा. रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. जास्तच जाम असेल तर दोन-तीन दिवस हेच करा.

३. पाना सुटणार नाही अशी सोय करा. कार्ट्रिज बीबीला खाचांचा खास सॉकेट लागतो. जोर लावला की तो घसरतो आणि खाचा झिजतात. म्हणून एक्सलच्या बोल्टने, मोठा वायसर घालून, सॉकेट कपावर आवळून धरा. ९० टक्के बिघाड इथे टळतो म्हटलं तरी चालेल.

४. लांब दांडा वापरा. पान्याला नळी घालून दांडा लांब केला की तेवढ्याच ताकदीत जास्त जोर मिळतो. दिशा पुन्हा एकदा तपासा. उजवा कप चुकीच्या दिशेने आवळत बसणं हीच सर्वात जास्त होणारी चूक आहे.

५. फ्रेमलाच दांडा बनवा. वर्कशॉपमध्ये व्हाइस असेल तर सॉकेट किंवा कपाची सपाट बाजू त्यात घट्ट पकडा आणि अख्खी फ्रेम फिरवा. याहून लांब दांडा कुठे मिळणार?

६. उष्णता शेवटी. धातूची फ्रेम असेल तर शेल हीट गनने हळूहळू गरम करता येतं. पण आधी मारलेलं तेल पेट घेऊ शकतं, म्हणून ते नीट पुसून काढा. रंगही खराब होऊ शकतो. कार्बन फ्रेमला उष्णता अजिबात नको. ती सरळ जाणकाराकडे न्या.

नवा बीबी बसवताना आटे ब्रशने साफ करा, भरपूर ग्रीस लावा आणि पहिले काही फेरे हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर तो तिरका बसतोय. शेलच्या तळाला पाणी जायचं छिद्र असेल तर तेही मोकळं करा. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, एवढं केलंत तर पुढच्या वेळी हा सगळा खटाटोप लागणार नाही.

नांगर घेणार कोण?

आता परत बेळगावला. सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसाला बेअरिंग, चेन, आटे, धातूचा स्वभाव सगळंच कळायला लागतं. त्याच काळात अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचं दुकान काढलं होतं आणि १९०३ मध्ये त्यांनी विमान उडवलं. लक्ष्मणरावांची नजर मात्र आकाशाकडे नव्हती, आजूबाजूच्या शेतांकडे होती.

आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, म्हणजे कडबाकुट्टी. मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर खरवडतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटी करतो आणि तणाची मुळं उपटतो. इंग्लंडहून असे नांगर यायचे, पण ते आपल्याकडे कुणी बनवत नव्हतं.

नांगर झाला, पण घ्यायला कुणी तयार होईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, ती नापीक होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. त्यांना हसू नका. ज्याचं वर्षभराचं पोट एका पिकावर आहे, तो नव्या गोष्टीचा प्रयोग आपल्या शेतात का म्हणून करेल? पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. दोन वर्षं माल पडून, पैसा अडकलेला. मग एकाच्या शेतात फरक दिसला, शेजाऱ्याने बघितला आणि मागणी सुरू झाली.

निवडुंग, साप आणि ३२ एकर

धंदा जमतोय तोच नवं संकट आलं. बेळगाव नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती. त्यासाठी कारखान्याची जागा रिकामी करा, असं सांगण्यात आलं. यंत्रं आहेत, कामगार आहेत, ऑर्डरी आहेत, पण जागा नाही.

या वेळी मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. लक्ष्मणरावांनी औंधला बांधकामाचं एक काम केलं होतं, त्यातून ओळख होती. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. जमीन कसली, माळरान! निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा. पण जवळून रेल्वे जात होती. जड माल बनवणाऱ्याला हे किती महत्त्वाचं, ते लक्ष्मणरावांना ठाऊक होतं.

१० मार्च १९१० ला किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. सोबत जी माणसं आली त्यांच्यात मोठ्या पदव्यावाले फारसे नव्हते. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार बघितला. शंभूराव जांभेकरांनी यंत्रं सांभाळली. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. मॅट्रिकला अडलेले अनंतराव फळणीकर इथेच काम करत करत घडले. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणीचं काम दिलं गेलं. जातीपातीची शिवाशिव वसाहतीत चालू द्यायची नाही, हा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. १९१० साली हे बोलणंसुद्धा सोपं नव्हतं.

युद्ध आलं, आयात थांबली

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशी नांगर यायचे थांबले आणि किर्लोस्करांच्या मालाला मागणी वाढली. पण त्याच युद्धामुळे लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. मिळेल ते वापरत, पर्याय शोधत त्यांनी भट्टी चालू ठेवली. सुटा भाग विलायतेहून येण्याची वाट न बघता हाताशी आहे त्यात काम भागवायचं, हे दुकानातलं शिक्षण इथे उपयोगी पडलं.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची माहिती द्यायला निघालेलं हे पत्रक पुढे महाराष्ट्रातलं मोठं मासिक झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जाऊन इंजिनिअर होऊन आला. पंप, इंजिनं, यंत्रं अशी मालाची यादी वाढत गेली. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगळूरला विजेच्या मोटारींची कंपनी सुरू झाली.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणरावांचं निधन झालं. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ ला, भारतीय डाक विभागाने त्यांचं तिकीट काढलं. रंग ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाचं चित्र देशभरातल्या पाकिटांवर फिरलं.

एका नजरेत

- १८६९: गुर्लहोसूर इथे जन्म
- १८८५: जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश
- १८८८: सायकलींपासून व्यवसायाची सुरुवात
- १९१०: किर्लोस्करवाडी
- १९२०: किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड
- १९५६: निधन

आता तुमची पाळी

तुमच्या हातातला फोन गोंदाने बंद केलेला असतो, तो घरी उघडून शिकायची सोय फारशी उरलेली नाही. सायकल अजून उघडते. तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि बोटांना कळतो. किर्लोस्करांना यंत्र समजलं ते ते उघडूनच. तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत जिन्याखालची सायकल बाहेर काढा. आज रात्री बीबीला तेल मारून ठेवा, उद्या पाना लावा. आणि उजवीकडचा कप उलटा फिरतो, तेवढं विसरू नका!